मेणाचा बंदोबस्त

कुंभकोणमनजीकच्या स्वामीमलै गावी, मेण, राळ व भुईमुगाचे तेल यांच्या मिश्रणातून घडविलेल्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाचे लेप चढवून, तो साचा गोवऱ्यांच्या आंचेवर तापवून, आतील मेण निःशेष वितळवून काढण्याची विद्या स्थपतींच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत असता, त्याच मुलखात आयुधपूजेच्या पूर्वदिनी भर उन्हात माखलेल्या मोटारीवर वाळून बसलेल्या पॉलिशच्या मेणापुढे सुशिक्षित मालकाने हतबुद्ध व्हावे, हा दैवदुर्विलासच होय.

आमच्या तंजावरी मराठी मंडळींत सल्लामसलतीला तोटा नाही. कोणी घासलेटाची शिफारस करतो, कोणी नखाची. आणि रंगावर ओरखडा उमटला, की दोघेही सल्लागार बेलाशक फरारी होतात. वास्तविक तजवीज साधी आहे : गाडी सावलीत घ्यावी, पत्रा निवू द्यावा, वाळल्या थरावर त्याच मेणाचा ताजा, पातळ हात फिरवावा, म्हणजे त्यातील द्रावकाने जुना थर सैल पडतो, आणि मऊ फडक्याने तो तत्काळ पुसावा, काळ्या प्लॅस्टिकच्या खाचांतील पांढरी भुकटी मात्र दात घासण्याच्या जुन्या ब्रशाखेरीज कोणाला दाद देत नाही.

एवढे सायास करून आरशासारख्या झालेल्या त्या पत्र्यावर दुसऱ्याच सकाळी पूजेसाठी गृहस्वामिनी चंदनाचे व कुंकवाचे ठसठशीत पट्टे ओढते, चाकांखाली लिंबे चिरडली जातात, कोहळा फुटतो. तंजावरच्या शरभोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास कोरविला, तो अद्यापि सुवाच्य आहे. उन्हात वाळलेले कुंकूही टिकाऊपणात त्याच्याशी स्पर्धा करण्याची उमेद बाळगून असते.