वन बाय टू

बेळगावच्या हॉटेलात कुणी 'कटिंग' मागितला की टेबल पुसणारा पोऱ्यासुद्धा ओळखतो, पाव्हणा पुण्या-मुंबईकडचा. आमच्याकडं 'वन बाय टू' म्हणतात. एक चहा, दोन कप. कटिंगवाला आपला अर्धा कप एकटा पितो, अर्ध्याचेच पैसे ठेवतो आणि लोकल पकडायला पळतो. वन बाय टूला समोर माणूस लागतो. चहा अर्धा अर्धा होतो, बिल मात्र अखंड येतं, आणि ते कुणी द्यायचं यावर चहापेक्षा जास्त वेळ जातो. सीमाभागाचा सगळा इतिहास या एका ऑर्डरीत मावतो, असं आमच्या मास्तरांचं म्हणणं आहे.

मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर बसतात ते बँकेतले निवृत्त गृहस्थ घरी कन्नड बोलतात. आडनावावरून ते कळायचं नाही. पाटील, देसाई, देशपांडे, कुलकर्णी ही आडनावं आमच्याकडं दोन्ही भाषांत सारखीच चालतात, आणि दोन्ही राज्यांच्या मंत्रिमंडळांतही. मी तिसरा. त्यामुळं आमची खरी ऑर्डर 'टू बाय थ्री' असते. ती गणिती अडचण हॉटेलवाल्या अण्णांनी वीस वर्षं बिनतक्रार सोसली आहे.

"काय गरम हाय वो?"

"सगळं गरमच हाय की."

हे संभाषण रोज होतं. वरच्या पाटीवर पदार्थांची नावं आणि दर लिहिलेले असतात, पण बेळगावात पाटी वाचून कुणी मागवत नाही. पाटी वाचतात ते सरकारी अधिकारी. 2024 साली कर्नाटकानं कायदा दुरुस्त केला आणि दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड हवंच असं ठरवलं. तेव्हापासून शहरात टेप घेऊन अक्षरं मोजायची वेळ आली. अण्णा मूळचे उडुपीकडचे, घरी तुळू बोलणारे. त्यांनी एकदाच विचारलं, "साठ टक्के कन्नड, बाकी इंग्लिश. मग उप्पीट कशात लिवायचं?" उप्पीट हा आमचा शब्द. पुण्यात त्याचा उपमा होतो आणि चवही तशीच अलंकारिक होते. उप्पीट कन्नड की मराठी, यावर मास्तर आणि बँकवाले तीन दिवस बोलत नव्हते. मग चौथ्या दिवशी गरम उप्पीट आलं, वर शेव होती, आणि तोंडं भरली.

इथं एक तक्रार नोंदवून ठेवतो. पु. ल. देशपांडे काही काळ आमच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. पुढं त्यांनी 'गणगोत'मध्ये 'रावसाहेब' लिहिलं आणि बेळगावकराला बाहेर तोंड उघडायची सोय राहिली नाही. पुण्यातल्या हॉटेलात मी नुसतं "पाणी द्या की वो" म्हटलं तर शेजारच्या टेबलावरचा माणूस खुर्ची वळवून म्हणतो, "बेळगाव का? बोला ना आणखी काहीतरी!" साठ-सत्तर वर्षं ज्या मराठीसाठी आम्ही मोर्चे काढले, ती मराठी महाराष्ट्रात गेली की विनोदी एकपात्री होते. पाणी मात्र तो आणून देत नाही.

तर ऑर्डर. पहिली ऑर्डर 1 नोव्हेंबर 1956 ला चुकली. मुंबई राज्याच्या टेबलावरची ताटं उचलून म्हैसूरच्या टेबलावर ठेवली गेली. म्हैसूरचं कर्नाटक पुढं 1973 ला झालं, म्हणजे हॉटेलचं नाव बदललं, भटारखाना तोच. आम्ही वेटरला हाक मारली. महाराष्ट्रानं मागणी केली ती पाटसकर सूत्रानं : खेडं हा घटक धरा, भौगोलिक सलगता बघा, भाषिक बहुसंख्या मोजा, लोकांची इच्छा विचारा. मास्तरांना हे सूत्र पाठ आहे आणि ते इडलीवरही लावता येतं, हे त्यांनी आमच्यासमोर सिद्ध केलं आहे. घटक : प्लेट. सलगता : सांबार इडलीला टेकलेलं हवं. इथं बँकवाले लगेच आक्षेप घेतात. त्यांना वडा सांबारात बुडलेला हवा असतो आणि चटणी निराळ्या वाटीत, म्हणजे सलगतेचा भंग. बहुसंख्या : सांबारात गूळ जास्त की तिखट जास्त, ते चाखून ठरवा. लोकांची इच्छा मात्र कुणी विचारत नाही. अण्णासुद्धा नाही. ते परस्पर सांगतात, "इडली संपली. उप्पीट घ्या."

याच सूत्रानं कोल्हापूर ते बेळगाव रस्ता मोजला तर काय होईल, याचाही मास्तरांनी अभ्यास केला आहे. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा मामला, एसटीच्या खिडकीतून करण्यासारखा. कोल्हापुरात मिसळीवर कट असतो, लालभडक, तर्रीदार, माफी नसलेला. कागल सोडलं, दूधगंगा ओलांडली, कोगनोळीचा टोल आला की राज्य बदलतं. पण कट बदलत नाही. निपाणीत तो तसाच असतो आणि शेजारच्या गाड्यावर तांबडा-पांढराही असतो. खरी गडबड तवंदीचा घाट ओलांडल्यावर सुरू होते. संकेश्वरला भज्यांच्या शेजारी मिरची भजी मोठी व्हायला लागतात, चिरमुऱ्यांचं गिरमिट दिसायला लागतं, खानावळीत शेंगाची चटणी न मागता येते आणि भाकरीला पदर सुटायला लागतो. बेळगावात पोचेपर्यंत कटाचं सांबार झालेलं असतं. पण नेमकं कुठं झालं? मास्तरांनी तीन वेळा प्रवास केला. तिन्ही वेळा त्यांना मध्येच झोप लागली. आयोगांचंही बहुधा असंच होत असावं.

आयोग म्हटलं की महाजन. तो मुळात आला उपोषणानं. सेनापती बापट वयाच्या शहाऐंशीच्या घरात उपाशी बसले, तेव्हा 1966 ला निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. 1967 ला त्यानं अहवाल दिला : बेळगाव शहर म्हैसूरकडंच राहू दे, निपाणी आणि खानापूरकडचा भाग महाराष्ट्राला द्या, आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची काही गावं म्हैसूरला द्या. महाराष्ट्रानं ताट ढकललं. मुख्य भाजीच नाही तर जेवायचं काय? कर्नाटक म्हणालं, जेवायचं तर हेच जेवा. एवढ्यापर्यंत ठीक आहे, हॉटेलात असं होतं. पण निपाणीकरांचं काय झालं बघा. ज्यानं निपाणी द्यायचं मान्य केलं, तो आज म्हणतो अहवालच अंतिम. ज्याला निपाणी मिळायचं होतं, तो म्हणतो अहवालच अमान्य. मधल्या मध्ये निपाणीची प्लेट 1967 पासून भटारखान्याच्या खिडकीत तयार ठेवली आहे. दोन्ही वेटर तिच्याकडं बघतात. कुणी उचलत नाही.

म्हणून निपाणीकरानं आपली सोय केली. त्याचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे. अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि निपाणीला अगदी चिकटून. पोरगं सकाळी कर्नाटकातल्या घरात चहा घेऊन निघतं, मधल्या सुट्टीत महाराष्ट्रात वडापाव खातं आणि दुपारच्या भाताला पुन्हा कर्नाटकात हजर असतं. या आंतरराज्य आहारावर कुठल्याच सरकारनं अजून कर लावलेला नाही, हे मी हळूच लिहितो आहे. पूर्वी मोबाइलला रोमिंग लागायचं तेव्हा गंमत होती. निपाणीच्या हॉटेलात टेबलाच्या या टोकाला बसलं तर कर्नाटकाचा टॉवर, खिडकीकडं सरकलं तर फोनवर संदेश यायचा : महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. माझ्या ओळखीचे एक तंबाखूवाले वखारीतून उठून मुद्दाम त्या खिडकीत जाऊन बसत. म्हणत, "सरकारनं न्हाई तर कंपनीनं तरी घेतलं की वो आपल्याला." चार मिनिटांच्या कॉलला चहापेक्षा जास्त पैसे जायचे, पण समाधान मोठं.

2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. म्हणजे आम्ही वेटरचा नाद सोडून थेट मालकाकडं तक्रार केली. मालक वरच्या मजल्यावर असतात.

दरम्यान इकडं कर्नाटकानं बेळगाव आपलं आहे हे दाखवायला हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध बांधलं. ऑक्टोबर 2012 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं. वर्षातून एकदा, बहुधा डिसेंबरात, तिथं अधिवेशन भरतं. सगळं सरकार बेंगळूरहून येतं, शहरातल्या लॉजा भरतात आणि जाताना गाड्यांतून कुंद्याचे डबे जातात. कुंद्याचं म्हणाल तर तो फार वेळ चुलीवर राहिलेल्या दुधाचा चमत्कार. आटवत राहायचं, ढवळत राहायचं, तळ लागू द्यायचा नाही, रंग तपकिरी होईपर्यंत थांबायचं, मग साखर. सीमाप्रश्नही असाच 1956 पासून आटतो आहे. साखर तेवढी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना लागली. बाकी अकरा महिने ती पांढरी इमारत माळावर उन्हात उभी असते. 2022 च्या उन्हाळ्यात तिथं काम करणाऱ्या एका मजूर बाईनं समोरच्या फरशीवर शेवया वाळत घातल्या. स्वच्छ फरशी, कडक ऊन, कुणाची वर्दळ नाही. घरात डोकं असलेली कुठलीही बाई हेच करेल. फोटो फिरला, राज्याची अब्रू गेली म्हणून बाईला कामावरून काढलं, मग गरिबाच्या पोटावर पाय आला म्हणून ओरड झाली आणि परत घेतलं. माझ्या मते त्या वास्तूचा त्या मोसमातला तोच एक पौष्टिक उपयोग होता. मास्तर आणि बँकवाल्यांचं ज्या दोन-तीन मुद्द्यांवर एकमत आहे, त्यांतला हा एक.

दुसरा मुद्दा बंदचा. 1 नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि मराठी माणसाचा काळा दिवस एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी येतात. अधिवेशन आलं की मराठी भाषकांचा महामेळावा, महामेळाव्यावर बंदी, मग निषेध. बस कोगनोळीला थांबतात. अशा दिवशी बेळगावची खाद्यसंस्कृती अर्ध्या शटरची असते. शटर कमरेइतकं वर. वाकून आत गेलं की आत नेहमीचीच गर्दी. बाहेर घोषणा देऊन घसा बसलेले दोन्हीकडचे कार्यकर्ते आत गरम पाण्याच्या गुळण्या करून भजी मागवतात. एकदा माझ्यासमोर एकानं लाल-पिवळा रुमाल गळ्यातून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, शेजारच्यानं काळी फीत सोडून खिशात ठेवली आणि दोघांनी मिळून विचारलं, "एष्टु आयतु, अण्णा?" किती झाले? अण्णांनी रक्कम सांगितली. दोघांनी ऐकलं नाहीसं केलं.

आता खरं दुःख सांगतो. परवा भाच्यानं मला टिळकवाडीकडच्या एका नव्या कॅफेत नेलं. नाव सांगत नाही. ते इंग्रजीत होतं, वर कायद्यापुरतं कन्नड होतं आणि मराठीला जागा नव्हती. टेबलावर मेनू नाही, एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र. ते फोनवर दाखवायचं. माझ्या फोनला ते चित्र आवडलं नाही. मग एक पोरगा आला, काळा एप्रन, गालात हसू. "हाय सर, व्हॉट वुड यू लाइक?" मी म्हटलं, "चहा मिळेल काय रे?" तो हिंदीत म्हणाला की चहा आहे, पण मसाला की लेमनग्रास? मी वन बाय टू मागितला. तो गोंधळला. त्यांच्या यंत्रात तसं बटण नव्हतं. पंचवीस मिनिटांनी काचेच्या बरणीत काहीतरी आलं, बिलात सर्व्हिस चार्जही आला.

मी मनात म्हटलं, बाबा, सीमाप्रश्न सुटला तो इथं. मराठी नाही, कन्नड नाही, दोघांनाही समान न्याय. तेवढ्यात त्या पोऱ्याचा फोन वाजला. तो कोपऱ्यात वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आगं आई, यायलोय की. भात झाकून ठेव जा." मी विचारलं, कुठला रे तू? म्हणाला, येळ्ळूर. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' ही पाटी निघाली तेव्हा, 2014 ला, ज्या गावानं लाठ्या खाल्ल्या ते येळ्ळूर. मी टिप ठेवली. ती यंत्रात कुठं घालायची ते त्याला कळेना, म्हणून त्यानं खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी हे सगळं अण्णांच्या हॉटेलात सांगितलं. मास्तर गंभीर झाले. "म्हंजे ऑर्डरच घेत न्हाईत?"

"फोनवर घेतात."

"आपलं सुप्रीम कोर्टाचं तसंच असंल की," बँकवाले म्हणाले. मास्तरांनी चक्क मान डोलावली.

दुपारचे साडेबारा झाले होते. जेवणाची गिऱ्हाइकं दारात उभी राहायला लागली. आमचे तीन कप कधीच रिकामे झाले होते आणि अण्णा गल्ल्यावरून आमच्याकडं बघत नव्हते, म्हणजे बघत होते. पोऱ्या फडकं घेऊन आला. हॉटेलातल्या भाषेत त्याचा अर्थ एकच. मास्तरांनी कोपर उचललं, त्याला खालची जागा नीट पुसू दिली आणि कोपर परत तिथंच ठेवलं.

"अण्णा," ते म्हणाले, "अजून एक. वन बाय टू."