बिनरुळांचे प्रवासी

इंग्लंडातलं निवृत्त जोडपं पूर्ण फुलोऱ्यात पाहायचं तर डर्बीशरमधल्या मॉन्सल ट्रेलवर जावं. मिडलंड रेल्वेचे रूळ उखडून केलेली ही साडेआठ मैलांची वाट इतकी सपाट, की बाबागाड्याही तिच्यावरून निवांत जातात. साहेबांच्या पायांत मात्र हिमालयात शोभतील असे बूट, दोन्ही हातांत काठ्या आणि गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटातला नकाशा. पुढे आणि मागे सोडून तिसरी दिशा नाही, तरी ते नकाशा बघूनच पाऊल टाकतात. थर्मास, सँडविचेस आणि दोघांचे रेनकोट बाईसाहेबांच्या पाठीवर. आभाळ निरभ्र असलं, की रेनकोट अगदी वर ठेवायचे. इथल्या आभाळाशी त्यांची जुनी ओळख आहे.

साहेब खरं तर चालायला येतच नाहीत. इथे 1863 साली सुरू झालेली आणि 1968 साली बंद पडलेली गाडी चुकल्याची चुटपुट घेऊन ते येतात. बेकवेलहून निघाल्यावर मैलभरातच हॅसॉप स्टेशन लागतं. तिथे आता कॅफे आहे. बाईसाहेबांची पावलं आपोआप मंदावतात. साहेब फलाटाची कड न्याहाळत म्हणतात, ‘‘इथे सगळ्या गाड्या थांबत नसत.’’ आणि तेही थांबत नाहीत.

पुढे जवळजवळ अर्ध्या किलोमीटरचा हेडस्टोन बोगदा. 2011 साली तो लोकांसाठी खुला झाला, आत दिवेही आले. दिवे साहेबांना मंजूर नाहीत. ते भिंतीवरून बोट फिरवतात आणि काळं झालेलं बोट अभिमानाने दाखवतात, ‘‘वाफेच्या इंजिनाची काजळी!’’ बाईसाहेब ओला रुमाल पुढे करतात. तो त्यांनी बोगद्याच्या तोंडाशीच काढून ठेवलेला असतो.

बोगदा संपला की लगेच पाच कमानींचा पूल, खाली वाय नदी. रेल्वेने ही दरी नासवली म्हणून लेखक जॉन रस्किन भयंकर संतापला होता. आज लोक दरी सोडून पुलाचेच फोटो काढतात, हे बघायला तो हवा होता. साहेबांचा त्याच्यावर अजून राग आहे.

‘‘पण गाडी चालू असती, तर आपल्याला इथे बसून खाता आलं असतं का?’’ बाईसाहेब विचारतात.

‘‘डायनिंग कारमध्ये खाल्लं असतं!’’

अशा वेळी जवळ कुणी अनोळखी माणूस बसला असेल तर त्याची खैर नाही. एकदा मीच सापडलो. साहेबांनी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून मँचेस्टरची गाडी सोडली आणि एकेक सिग्नल ओलांडत डर्बीपर्यंत आणली. मी घड्याळाकडे बघितलेलं बाईसाहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी काकडीचं सँडविच माझ्यापुढे धरलं.

‘‘घ्या,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मँचेस्टर अजून बरंच लांब आहे.’’