घरात आहे, बघू कधीतरी

आवडता चित्रपट तबकडीवर विकत घेऊन कपाटात ठेवणाऱ्या माणसाला लोकव्यवहारात सिनेमाचा शौकीन म्हणतात. परंतु बारकाईने पाहिले असता हे वर्णन अर्धेच खरे ठरते, कारण शौकीन सिनेमा पाहतो आणि तबकडीसंग्राहक तो पाहण्याची सोय करून ठेवतो. या दोन क्रियांमधले अंतर काही घरांत वीस-वीस वर्षांचे असते. याचा सहज मिळणारा पुरावा रविवारी दुपारी दिसतो. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ ज्याच्या कपाटात व्हीसीडी आणि डीव्हीडी अशा दोन्ही रूपांत आहे, तो गृहस्थ तोच चित्रपट टीव्हीवर लागला की मध्येच सुरू झालेला, जाहिरातींनी चिरलेला आणि खालून धावत्या पट्ट्यांनी झाकलेला असतानाही शेवटपर्यंत पाहतो, आणि तीन पावलांवरची स्वच्छ, अखंड प्रत जागची हलत नाही. घरातील मंडळी याला आळस म्हणतात, पण हे निदान वरवरचे आहे. टीव्हीवरचा चित्रपट आत्ता चालू असतो आणि तासाभरात संपणार असतो, म्हणून तो पाहणे निकडीचे होते. तबकडीवरचा चित्रपट उद्याही असतो आणि परवाही असतो, त्यामुळे त्याला कोणताही दिवस चालतो आणि अर्थातच कोणताही दिवस मिळत नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम पुस्तके वापरण्यासाठी असतात असे सांगतो. संग्राहकाचा मतभेद पहिल्याच नियमाशी असल्यामुळे उरलेल्या चारांपर्यंत चर्चा जात नाही.

चित्रपटाची तबकडी जगात प्रथम विक्रीला आली ती १९७८च्या डिसेंबरात, अमेरिकेतील अटलांटा शहरात, आणि सुरुवातीच्या चित्रपटांत ‘जॉज’ होता. ही लेझरडिस्क ३० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डएवढी, आणि फार तर तासाभराने उलटावी लागणारी होती. मराठी घरांत ती फारशी आलीच नाही. घरांचे क्षेत्रफळ लक्षात घेता ही इष्टापत्तीच म्हणावी लागेल.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गात या छंदाने खरा प्रवेश केला तो व्हीसीडीच्या रूपाने. १९९३ साली ठरलेल्या या पद्धतीत गाण्यांच्या साध्या सीडीएवढ्याच तबकडीवर चित्र आणि आवाज मिळून ७४ मिनिटे बसवली जात, आणि एवढे बसवण्यासाठी चित्राला इतके दाबावे लागे की भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत ते आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके एवढ्यावरच भागवले जाई. पात्रे सोफ्यावर बसून बोलत असेपर्यंत हे निभावत असे. पण पाऊस पडला, जत्रा भरली किंवा नायिकेने जोराची गिरकी घेतली की ठिपक्यांचा हिशेब कोलमडून पडद्यावर चौकोन उमटत आणि नायिका गिरकीतून बाहेर येईपर्यंत ती कोण आहे हे श्रद्धेवर सोडावे लागे. ७४ मिनिटांची मर्यादा घालणाऱ्या जपानी आणि युरोपीय कंपन्यांच्या मनात भारतीय चित्रपट नव्हता हे उघड आहे, कारण बरोबर अडीच तासांचा चित्रपट दोन तबकड्यांत भरला की दोन मिनिटे बाहेर उरतात. या दोन मिनिटांसाठी तिसरी तबकडी द्यायची, की एखादे कडवे कापायचे, हा प्रश्न विक्रेत्या कंपन्या आपापल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार सोडवत, आणि कडव्याच्या बाजूने निकाल क्वचितच लागे. पहिली तबकडी संपण्याचा क्षण मध्यंतराशी जुळेलच अशीही खात्री नसे; खलनायकाने रहस्य सांगण्यासाठी तोंड उघडावे, पडदा निळा व्हावा आणि घरातील सर्वांत धाकट्याला उठून ‘पार्ट टू’ शोधावा लागावा, हा क्रम सर्वपरिचित होता. त्यातच तबकड्या उसन्या देण्याघेण्याचा प्रघात असल्यामुळे दुसऱ्या भागाच्या डबीत भलत्याच चित्रपटाचा पहिला भाग निघे. अनेक चित्रपटांचा केवळ पूर्वार्ध पाहिलेली आणि तरीही त्यांविषयी ठाम मते असलेली माणसे या काळात तयार झाली. त्यांतली काही पुढे समीक्षेकडे वळली असावीत, असा संशय घेण्यास जागा आहे.

२००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा या छंदाचे स्वरूपच पालटले. तोवर संग्रहाला आवड लागत असे. २८ रुपयांत आवड नसली तरी चालू लागले. साबण आणायला गेलेला माणूस साबणाबरोबर तीन चित्रपट घेऊन येई, त्यांतला एक त्याला आवडलेला असे, दुसरा आवडेल असे वाटलेले असे, आणि तिसरा सुट्या पैशांच्या अडचणीतून आलेला असे. ही कंपनी २०१८ साली अवसायनात गेली, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याची प्रक्रिया सुरू झाली. घरोघरच्या कपाटांतली तिची मालमत्ता मात्र अजून कोणी उचलायला आलेले नाही.

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये अवतरली आणि यथावकाश भारतात पोहोचली, तेव्हा अख्खा चित्रपट एका तबकडीत मावू लागला आणि चित्र स्वच्छ दिसू लागले. वरवर पाहता येथे संग्राहकाचे समाधान व्हायला हवे होते. प्रत्यक्षात व्हीसीडीने त्याला फक्त चित्रपट दिला होता, डीव्हीडीने तक्रारी दिल्या. पहिली तक्रार प्रदेशांकाची, म्हणजे ‘रीजन कोड’ची. एका देशात स्वस्तात किंवा लवकर निघालेली तबकडी दुसऱ्या देशात चालू नये म्हणून चित्रपट कंपन्यांनी पृथ्वीची सहा भागांत वाटणी केली, ज्यात अमेरिका पहिल्या भागात गेली आणि भारताला रशिया, मंगोलिया, उत्तर कोरिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग यांच्यासह पाचव्यात जागा मिळाली. चित्रपट कंपन्यांच्या लेखी पुणे आणि उलानबातर ही एकाच वाड्यातली बिऱ्हाडे ठरली. न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेल्या भाच्याने मामासाठी हौसेने आणलेली हॉलीवूडची तबकडी कोथरूडमधला प्लेयर ‘घेत नसे’, आणि मग रिमोटवरची ठरावीक बटणे ठरावीक क्रमाने दाबून प्लेयरला प्रदेशभेद विसरायला लावण्याची विद्या कोणाला अवगत आहे याचा शोध सुरू होई. ती विद्या अवगत असलेला पुतण्या प्रत्येक सोसायटीत एक असे आणि तो नेमका परीक्षेच्या तयारीत असे.

दुसरी तक्रार वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने चित्रित होतो आणि पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला २५ चित्रे दाखवतो, त्यामुळे सोयीसाठी अख्खा चित्रपटच चार टक्के जलद पळवला जातो. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत आटोपतो आणि आवाज अर्धस्वराच्या किंचित खाली राहील इतका चढतो. ज्याने आयुष्यात तंबोरा कधी लावला नाही आणि लावलेला ओळखलाही नाही, असा माणूस हे वाचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक संवाद चढा लागतो अशी कुरकूर करू लागतो. तिसरी तक्रार आकाराची, आणि ती घरात सर्वाधिक भांडणे लावणारी ठरली. रुंद पडद्याचा चित्रपट जुन्या चौकोनी टीव्हीवर पूर्ण दाखवायचा तर वर आणि खाली काळे पट्टे येतात. पट्टे नको असतील तर चित्राच्या दोन्ही बाजू छाटाव्या लागतात, आणि मग दोन पात्रे समोरासमोर उभी राहून बोलत असता पडद्याच्या डाव्या कडेला एक नाक आणि उजव्या कडेला दुसरे नाक उरते. संग्राहक पट्ट्यांचा कैवारी असतो. पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या टीव्हीचा निम्मा भाग बंद का ठेवायचा, हा घरातून येणारा प्रश्नही तर्काच्या दृष्टीने निर्दोष आहे, हे मान्य करावे लागेल.

या शिक्षणातून जे पदवीधर बाहेर पडले ते ‘डबल डिप’ या अवस्थेला पोहोचले. जवळ असलेलाच चित्रपट अधिक चांगल्या रूपात पुन्हा विकत घेणे असा या संज्ञेचा अर्थ आहे, आणि रूप अधिक चांगले आहे की केवळ वेगळे आहे याची शहानिशा खरेदीनंतर होते. २००६ साली ब्लू-रे आली, तिच्या एका थरात २५ गिगाबाइट मावू लागले, आणि सगळा संग्रह नव्याने जमवण्याचे धर्मसंकट उभे राहिले; तिच्या प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीवर पैसे लावणाऱ्यांना तर २००८च्या फेब्रुवारीत तोशिबाने माघार घेतल्यावर आपला संग्रह दुर्मिळ झाल्याची बातमी अकस्मात मिळाली. स्टीलबुक, म्हणजे धातूची डबी, आणि स्लिपकव्हर, म्हणजे डबीवर चढवलेला पुठ्ठ्याचा अंगरखा, ज्यावर आतल्या डबीवरचेच चित्र बहुधा तसेच्या तसे पुन्हा छापलेले असते, यांसाठीही तबकडी नव्याने घेतली जाते. १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’चा पाच तबकड्यांचा जो संच २००७ साली निघाला, त्यात या एकाच चित्रपटाची पाच वेगवेगळी रूपे होती. ती पाचही पाहिलेला माणूस आदरास पात्र आहे. ती पाचही जवळ असलेली माणसे त्या मानाने पुष्कळ भेटतात.

जपणुकीच्या बाबतीत मात्र हा वर्ग आश्चर्यकारकरीत्या अडाणी निघतो. चकचकीत बाजूला बोट लागू नये म्हणून तबकडी छापील बाजूवर पालथी ठेवण्याची सवय सार्वत्रिक आहे, आणि सीडी किंवा व्हीसीडीच्या बाबतीत ती नेमकी उलटी आहे. माहिती साठवणारा धातूचा पातळ थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो आणि चकचकीत बाजूकडून त्याला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचे संरक्षण असते, त्यामुळे नावावर पडलेला ओरखडा पोटावर पडलेल्या ओरखड्यापेक्षा घातक ठरतो. पुसतानाही ती गोल फिरवत पुसली जाते, वास्तविक मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायला हवी. आडव्या, लहान ओरखड्यातून हरवलेली माहिती प्लेयर गणिताने भरून काढू शकतो, पण मार्गाच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा त्याच्या आवाक्याबाहेर जातो. पदर, बनियन आणि टूथपेस्ट या तीन लोकौषधींचा परिणाम इतकाच की, मुळात एका गाण्यात अडकणारी तबकडी त्यानंतर निःपक्षपातीपणे सर्वत्र अडकते.

कपाट रिकामे करण्याचा विषय दिवाळीच्या साफसफाईत निघतो आणि त्या प्रसंगी संग्राहक ‘आलम आरा’ काढतो. १९३१ सालच्या या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही, ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे, आणि पुण्यात २००३च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेटवरच्या जुन्या चित्रपटांचे साठे जळाले, हे सर्व तो एका दमात सांगतो, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर असे वाटते की, हातात झाडू घेतलेल्या बाईच या ऱ्हासाला जबाबदार आहेत. “अहो, पण ‘आलम आरा’ या कपाटात आहे का?” असा प्रश्न तिकडून येतो. तो नसतो. कपाटात जे असते त्याच्या लाखो प्रती देशभर पडून असतात, आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी चित्रपट वाचवण्यासाठी जी आयुष्यभर धडपड केली तिचे पुण्य तीन बाय दोनच्या कपाटाला लागू होत नाही.

एवढे म्हटल्यावर न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे, कारण संग्राहक हास्यास्पद आहे यावरून तो चूक आहे असे सिद्ध होत नाही. १९७७ सालचा ‘स्टार वॉर्स’ दिग्दर्शकाने १९९७ साली नव्या दृश्यांची भर घालून बदलला, आणि मूळ रूपाची मागणी होत राहिल्यावर २००६ साली ते डीव्हीडीवर दिले गेले तेव्हा त्यासाठी १९९३च्या लेझरडिस्कचीच जुनी प्रत वापरण्यात आली. १९७१ सालच्या ‘द फ्रेंच कनेक्शन’मधला काही सेकंदांचा संवाद २०२३ साली काही अमेरिकी स्ट्रीमिंग सेवांवर गुपचूप गाळलेला आढळला, आणि तो गाळला गेला आहे हे जुनी तबकडी जवळ असणाऱ्यांना दाखवून देता आले, त्या आठवड्यात जगभरच्या संग्राहकांना जो आनंद झाला तो चित्रपट पाहून त्यांना क्वचितच झाला असेल. स्ट्रीमिंगवर ‘खरेदी’ केलेला चित्रपट वस्तुतः परवान्यावर मिळालेला असतो आणि परवाना देणाऱ्याला तो काढूनही घेता येतो. कॅलिफोर्नियात तर हे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याची सक्ती करणारा कायदा २०२४ साली करावा लागला. मराठीपुरते बोलायचे तर इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक जुन्या चित्रपटांच्या आणि नाटकांच्या कोपऱ्यात व्हीसीडी कंपनीचे बोधचिन्ह दिसते, म्हणजे कोणाच्या तरी कपाटातली, दिवाळीच्या साफसफाईतून वाचलेली तबकडीच तेथवर पोहोचलेली आहे. हे कळल्यापासून संग्राहकाशी वाद घालणे कठीण झाले आहे.

सध्या त्याला खरी धास्ती आहे ती प्लेयरची. लॅपटॉपमधून तबकडीची खाच नाहीशी झाली, नव्या टीव्हीला पिवळी, लाल आणि पांढरी वायर खोचायला भोके नसतात, आणि नवे प्लेयर बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून कमी होत चालल्या आहेत, “आता हे लावायचं कशावर?” या प्रश्नाला त्यामुळे प्रथमच धार आलेली आहे. दूरदृष्टीच्या संग्राहकांनी वेळीच एक जादा प्लेयर घेऊन माळ्यावर ठेवलेला असतो. तो चालतो की नाही हे खोके उघडल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही, आणि कंपनीची चिकटपट्टी न फाडलेल्या खोक्याला उघड्या खोक्यापेक्षा अधिक भाव येतो ही गोष्ट घरात दुसऱ्या कोणाला माहीत नसली तरी त्याला पक्की माहीत असते.