भूकंपावर ढकललेली भेग

१० जुलै २०२४ च्या सकाळी कळमनुरी तालुक्यात जमीन हलली. तीव्रता ४.५. त्याआधी २१ मार्चला पहाटेच दोन झटके बसले होते, पहिला ४.५ चा आणि दहा-अकरा मिनिटांनी दुसरा ३.६ चा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेला तर जमिनीतून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षं ओळखीचे झालेत. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातल्या गुत्तेदारांना एक सबब फुकटात मिळाली आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली, पहिल्याच पावसात स्लॅब गळला, की उत्तर तयार: भूकंपानं झालं, माझा काय दोष?

भूकंपाची तारीख असते, भेगेचीही असते. भेग मार्चच्या आधीची असेल तर सबब तिथंच संपली. नंतरची असली तरी मी गुत्तेदाराला तीन गोष्टी विचारीन. काळ्या मातीवरचा पाया किती खोल घेतलास? ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पायाचं घर त्या ओढाताणीत कोपऱ्यातून फाटतं. त्याला भूकंप लागत नाही. दुसरं, कॉलमच्या रिंगांची टोकं आत वळवलीस की नुसती टेकवून दिलीस? आणि तिसरं, स्लॅबला पाणी किती दिवस मारलंस? हल्ली बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओल हवी, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याकडे स्लॅब पडतो एप्रिल-मेमध्ये, विहिरी तळाला गेलेल्या असताना. दोन दिवस पाणी मारायचं आणि तिसऱ्या दिवशी गुत्तेदार दुसऱ्या साइटवर.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानं मराठवाड्याला दगडमातीच्या जड भिंतींची दहशत बसवली. तेव्हापासून हळदीचे, सोयाबीनचे पैसे साठवून, सोनं मोडून आपण स्लॅबच्या घराकडे वळलो. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र आपल्या गावांपर्यंत पोचलीच नाही. १९९३ च्या जूनमध्येच ग्राहक कायद्यातल्या ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी घातली गेली. किल्लारीनंतर ३६ दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही घर बांधून देणं ही सेवा आहे, असा निकाल दिला. म्हणजे गुत्तेदार हा सेवा देणारा आणि तुम्ही ग्राहक. सिमेंट तुम्ही आणलं, त्यानं नुसता मजुरीचा गुत्ता घेतला, तरी कामातल्या हयगयीचा जाब त्याला द्यावाच लागतो.

पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा ‘दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवतील. रेराही इथं कामाचा नाही. तो बिल्डरच्या प्रकल्पांसाठी, तुमच्या प्लॉटवरच्या एका घरासाठी नव्हे. दार आहे ते जिल्हा ग्राहक आयोगाचं. गुत्तेदाराला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते. पाच लाखांपर्यंत फी नाही. पाच ते दहा लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

‘पण काही लिहूनच घेतलं नव्हतं’, हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो. करार नसला म्हणून सगळं गेलं असं नाही. फोनपेवरचे हप्ते, सिमेंटच्या दुकानाचं बिल, वीटभट्टीची पावती, ‘पुढच्या आठवड्यात येऊन बघतो’ म्हणणारा त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज, हे सगळं पुरावाच आहे. भेगेचे फोटो तारखेसह काढा. शिकलेल्या इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या, आणि तो येईपर्यंत गिलावा करून भेग बुजवू नका. अनेक जण पाहुणे येणार म्हणून रंग मारून घेतात, आणि तिथंच पुरावा पुसला जातो.

गुत्तेदाराचं सगळ्यांत मोठं हत्यार मात्र भूकंप नाही, वायदा आहे. दिवाळी होऊ द्या. लग्नसराई आटपू द्या. माणूस ओळखीचा, बऱ्याचदा गावातलाच, म्हणून आपण थांबतो. कायदा थांबत नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. उशीर झालाच तर तो का झाला, हे आयोगाला पटवून द्यावं लागतं. म्हणून पहिल्या वायद्यानंतरच लेखी नोटीस पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. नोटीस म्हणजे भांडण, ही समजूत गुत्तेदारांच्या फार सोयीची आहे.

शासनालाही एक विचारायचं आहे. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा वर्षांवर जातात. गळक्या स्लॅबखाली लेकरं घेऊन राहणाऱ्या बाईला प्रत्येक पावसाळा मोजावा लागतो. आयोगांमधल्या रिकाम्या जागा वेळेत का भरल्या जात नाहीत?

निकाल लागल्यावरही गुत्तेदार पैसे देत नसेल तर त्याच कायद्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड, किंवा दोन्ही आहे. हे त्यालाही माहीत असावं, आणि काम देतानाच. येत्या अक्षय तृतीयेला पायाचा नारळ फोडणार असाल तर सोबत एक स्टॅम्प पेपर आणा. पाया किती फूट, सळई किती मिलिमीटरची, पाणी कोण मारणार आणि किती दिवस, कोणत्या कामानंतर कोणता हप्ता, एवढं लिहा. सही झाली की मगच कुदळ मारा.