फाइल पलीकडेच राहिली

महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी एखाद्या सीएच्या ऑफिसात डोकवा. "अगं, सेव्ह केलीस म्हणतेस, पण कुठं?" हे वाक्य हमखास कानावर पडेल. दरमहा भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला संपते. टॅली कुठल्याशा भाड्याच्या सर्व्हरवर असतं आणि तो सर्व्हर ठाण्यात आहे की चेन्नईत, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नसतं. जीएसटीचं पोर्टल मात्र समोरच्या कॉम्प्युटरवर उघडलेलं, कारण डिजिटल सहीचं डोंगल त्यालाच खोचलेलं. आर्टिकलशिप करणारी मुलगी छातीठोकपणे सांगते, "काका, फाइल डेस्कटॉपवरच आहे." ती खरंच बोलत असते. पंचाईत एवढीच, की डेस्कटॉप दोन आहेत.

लांबच्या सर्व्हरचा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर उघडणं म्हणजे रिमोट डेस्कटॉप. तो घेतला की सगळंच दोन-दोन होतं. दोन स्टार्ट बटणं, दोन डाउनलोड्स, दोन रिसायकल बिन. आपण कुठल्या मुलुखात आहोत हे सांगणारी एक बारीकशी पट्टी वर असते, पण ती लाजाळू. क्षणभर दिसते आणि दडी मारते. पोर्टलवर 'फाइल निवडा' म्हटलं की अलीकडचा डेस्कटॉप उघडतो. तिथे लग्नपत्रिकेची पीडीएफ असते, बॉसचा आधार कार्डाचा फोटो असतो. पोर्टलवर चढवायची ती जेसन (JSON) फाइल तेवढी नसते.

मायक्रोसॉफ्टनं १९९८ साली विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपची ही सोय आणली. तेव्हापासूनचं मूळ तत्त्व असं: आपण दाबलेली बटणं आणि हलवलेला माउस तिकडे जातो, तिकडच्या पडद्याचं चित्र इकडे येतं. फाइलचं नाव, आयकन, तारीख सगळं डोळ्यांपुढे असतं. फाइल जागची हललेली नसते. पंढरपूरला मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी. मुखदर्शन लांबून, पण लवकर होतं. पायांवर डोकं ठेवायचं तर आषाढीला तासन् तास दर्शनबारीत उभं राहायचं. रिमोट डेस्कटॉप हे मुखदर्शन आहे. फाइल हाती हवी असेल, तर दुसऱ्या रांगेत लागा.

त्या रांगेचेही दोन प्रकार. पहिला कॉपी-पेस्टचा. तिकडे कॉपी केलं, इकडे पेस्ट केलं, इतकं सोपं वाटतं. पण कॉपी म्हणताक्षणी काहीच निघत नाही; फक्त नावांची यादी तयार होते. खरा माल पेस्ट केल्यावर निघतो. म्हणून कॉपी करून, सेशन बंद करून, निवांत चहा पिऊन येणाऱ्याला पेस्टचं बटण फिकट पडलेलं दिसतं. ही ने-आण पाहणारा आरडीपीक्लिप नावाचा एक प्रोग्रॅम सर्व्हरवर बसलेला असतो. तो अधूनमधून रुसतो. मग टास्क मॅनेजरमधून त्याला घालवायचं आणि पुन्हा बोलवायचं. दोन जीबीहून मोठी फाइल दिली तर तो नेत नाही आणि नाही म्हणूनही सांगत नाही.

दुसरा प्रकार आपली ड्राइव्हच पलीकडे नेण्याचा. ही सोय २००१च्या विंडोज एक्सपीपासूनची. जोडणी करण्याआधी 'लोकल रिसोर्सेस'मध्ये जाऊन आपल्या ड्राइव्हपुढे खूण करायची, की सर्व्हरवर ती आपल्या मशीनच्या नावानिशी दिसते. मोठ्या फाइलींना हाच मार्ग बरा. एक पेन ड्राइव्ह लावून तेवढ्याच एकीपुढे खूण करणारे शहाणे. जी वस्तू खिशातून नेण्यासाठी जन्मली, ती आता जागची न हलता परगावी जाऊन येते.

आणि मग एके दिवशी सिस्टिमवाला दोन्ही रांगा बंद करतो. त्याला शिव्या बसतात, पण त्याची बाजू आहे. आपली ड्राइव्ह तिकडे जोडलेली असताना तिकडे रॅन्समवेअर शिरलं, तर ते आपल्या घरातही हात घालू शकतं. उलट, सर्व्हरवरची अशिलांची खाती कुणाच्या घरच्या लॅपटॉपवर जाऊन पडावीत, हेही त्याला नको असतं. पंढरपुरातही २०२४ साली गाभाऱ्याच्या संवर्धनासाठी पदस्पर्श काही महिने बंद ठेवला होता आणि मुखदर्शन चालू होतं.

गंमत अशी, की कॉपी-पेस्ट आणि ड्राइव्ह बंद करणारा पुष्कळदा प्रिंटर विसरतो. तिकडे प्रिंट दिली की इकडच्या टेबलावर कागद सुरसुरत बाहेर येतात. फाइलला बंदी, कागदाला मुभा! मग मंडळी ताळेबंद छापतात, तोच स्कॅनरवर ठेवतात आणि त्याची पुन्हा पीडीएफ करतात. जेसन फाइलला मात्र ही पळवाट चालत नाही. तिच्यासाठी सिस्टिमवाल्याला फोन लावावा लागतो, आणि तो त्या वेळी नेमका लोकलमध्ये असतो.

तरीही मला हा अडसर सगळाच नकोसा वाटत नाही. जिथे फाइल हवी तशी फिरते, तिथे तिला पोरं होतात: 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-हीच'. मग कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा यावर मीटिंग. सर्व्हरवरचं खातं एकच राहतं, कारण ते उचलून आणणं जिवावर येतं. ऑफिसातल्या काकांचा आता नियमच आहे: "भरायची तेवढीच आणा, बाकीचं तिथंच बघा." नव्या मुलांना हा म्हाताऱ्याचा आळस वाटतो. पण काका सहाच्या ठोक्याला डबा उचलून निघालेले असतात, आणि मुलं रात्री नऊपर्यंत 'फायनल-हीच' शोधत बसलेली असतात.