फार्मव्हिल, मुक्काम पोस्ट बीड
२००९ साली फेसबुकवर आलेल्या फार्मव्हिल या शेतीच्या खेळात पावसाची वाट बघावी लागत नसे, तरी पीक हमखास यायचं. माझा सर्वांत आवडता नियम हाच. शिवाय भाव पेरण्याआधीच कळायचा! (हे मोंढ्यात कुणाला सांगू नका, हसतील.) नावडता नियम एकच : काढणीला उशीर झाला की पीक वाळायचं. पण पैसे मोजून तेही पुन्हा हिरवं करता येई. ना पंचनामा, ना तलाठी, ना पीकविम्याचं पोर्टल. मुकादमाकडून उचल घेऊन बिऱ्हाडासकट ऊसतोडीला जायचं, हे तर खेळ रचणाऱ्यांना सुचलंच नाही. ३१ डिसेंबर २०२० ला मूळ खेळ बंद झाला. सगळी शेतं गेली. सावकार मात्र कुणाच्याच दारात आला नाही.