घरचंच काम आहे!

वेबसाइट करून घेणारे काका पुण्यात कुठल्याही पेठेत भेटतात. भाजणी, मेतकूट, लोणच्यांचं वडिलोपार्जित दुकान आणि गिऱ्हाईक पार दुबई-लंडनपर्यंत. घाऊक मिरची घेताना हा माणूस वजन दोनदा करायला लावतो आणि पावतीवर सही घेतल्याशिवाय टेम्पो हलू देत नाही. मात्र वेबसाइट करणाऱ्या फ्रीलान्स पोराने दोन पानी करार पुढे केला, की काका मनापासून दुखावतात. "अरे, आपल्यात कसला करार? घरचंच काम आहे!"

घरचं काम पाच पानांच्या साध्या साइटपासून सुरू होतं. आठवड्याभरात 'जाता जाता' ऑनलाइन पैसे भरायची सोय हवी असते. मग मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मग "ते ॲमेझॉनवर असतं ना, तसं." रात्री पावणेबाराला व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज येतो. त्यातली अडीच मिनिटं गॅस बंद केला का, यावर काकूंशी चर्चा आणि शेवटी, "लोगो जरा मोठा कर." सकाळी दुसरा मेसेज: "फारच मोठा झाला रे." मजकूर मागितला की "उद्या देतो." तोवर 'आमच्याविषयी' या पानावर लोरेम इप्सम झळकत राहतं आणि व्याही फोन करून विचारतात, "दक्षिणेत शाखा काढली का?"

पोराच्या करारात जगावेगळं काही नसतं. निम्मे पैसे आधी, बाकीचे टप्प्याटप्प्याने. फेरबदल दोनदा, त्यापुढे तासाचा दर. मजकुराला उशीर झाला तर मुदतही पुढे. डोमेन मालकाच्या नावावर.

"पाच मिनिटांचं काम," काका म्हणतात, "आणि तुझी कलमं बारा!"

कागद नाही म्हणजे आपण मोकळे, अशी काकांची पक्की समजूत. पण 1872 चा भारतीय करार कायदा तोंडी करारही मानतो. फक्त नेमकं काय ठरलं होतं, हे शोधायला गॅसच्या चर्चेसकट सगळे व्हॉइस मेसेज ऐकावे लागतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याची तऱ्हा आणखी वेगळी. पगारी नोकराने केलेलं काम साधारणपणे मालकाचं; पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा हक्क त्याच्याकडेच राहतो. तो लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे दुबई-लंडनची लोणची राहिली बाजूला!

खरा ठसका पैशांचा. पोराची लघुउद्योजक म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी ठरवून जास्तीत जास्त 45 दिवसांची सवलत मिळते. लेखी काहीच नसेल तर 15 दिवसांत पैसे मोकळे करावे लागतात. उशीर झाला की बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 'दिवाळीनंतर बघू' या काकांच्या तारखेला कायद्यात जागाच नाही.

हे सगळं सीए भाच्याने समजावलं, तेव्हा काका तडक स्टॅम्प आणायला निघाले. शंभराचा मागितला, तो ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही, आता पाचशेचा, हे कळल्यावर तिथेही थोडी घासाघीस करून पाहिली. पण नवा मसुदा करायला वकिलाला कशाला पैसे द्यायचे? वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा करार कपाटात होताच. नावं बदलली आणि पोरापुढे ठेवला.

पोराने वाचला. मुदत अकरा महिने. पाणीपट्टी मालकाकडे. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत.

"काका, यात भिंत कुठली?"

"असू दे रे. तुम्हा लोकांची ती फायरवॉल असते ना!"